नव्याने घेतलेल्या गाडीचे व्हील अलाइनमेंट कसे तपासावे : पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सल्ला देतो, “एकदा अलाइनमेंट करून घ्या.” हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. अलाइनमेंट म्हणजे चाके ठरलेल्या कोनांत असणे. हे कोन मोजणे आणि ते बदलणे ही दोन वेगळी कामे असून नव्या मालकाला पहिल्या दिवसांत गरज असते ती मोजण्याची. आज गाडी नेमकी कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद एकदा हातात आली की पुढे खड्डा लागो, टायर एका बाजूने झिजो किंवा गाडी डावीकडे ओढू लागो, तुलनेला आधार मिळतो. मोजमाप न पाहता थेट पाना लावला, तर कारखान्यातून व्यवस्थित जुळवून आलेली गाडी बिघडण्याची शक्यता असते आणि मूळ स्थिती काय होती हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हा लेख प्रामुख्याने तपासणीबद्दल आहे. शोरूममधून घेतलेली कोरी गाडी आणि जुन्या बाजारातून घेतलेली गाडी या दोन्हींचा विचार त्यात केला आहे. जिथे दोघींची पद्धत वेगळी होते, तिथे तसे सांगितले आहे.

उदाहरण म्हणून आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी रचना घेऊ : पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा दांडा) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई). स्विफ्ट, वॅगन-आर, अल्ट्रॉझ यांसारख्या बहुतेक हॅचबॅक गाड्या याच बांधणीच्या आहेत.

कोणते कोन मोजले जातात

अलाइनमेंटच्या कागदावर पुष्कळ आकडे असतात, पण नवख्या मालकाने तीन कोन नीट समजून घेतले तरी पुरते. गाडीकडे समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर किती कलले आहे, तो कॅम्बर. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकला असेल तर कॅम्बर धन आणि आत झुकला असेल तर ऋण. गाडीकडे बाजूने पाहिले असता चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष मागे किती कलला आहे, तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः या कोनामुळे. तिसरा कोन टो. गाडीकडे वरून पाहिले, तर दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे किंचित एकमेकांकडे वळलेली असतील तेव्हा टो-इन आणि एकमेकांपासून दूर वळलेली असतील तेव्हा टो-आउट म्हणतात.

या तिन्हींपैकी टायरच्या आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम टोचा होतो, आणि तो का होतो हे एका साध्या हिशेबावरून कळते. १८५/६५ आर१५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो. दोन्ही पुढच्या टायरांमधील अंतर पुढून आणि मागून मोजले आणि त्यात ३ मिलिमीटरचा चुकीचा फरक आढळला, तर एकूण कोन जेमतेम १७ मिनिटांचा होतो (एका अंशाची ६० मिनिटे), म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तरीही भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे २.४ मीटर आडवा ओढला जातो, आणि १०,००० किलोमीटरमध्ये हे आडवे ओढले जाणे २४ किलोमीटरच्या घरात जाते. यातला काही भाग रबर आपल्या लवचिकतेने सोसते, पण उरलेला भाग टायरची नक्षी घासूनच वसूल होतो. डोळ्यांना न दिसणारा फरक टायरला का पुरून उरतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. सतत वेगाने धावताना हेच घर्षण टायर तापवते. त्यामुळे ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या लांब काँक्रीटच्या प्रवासाला निघण्यापूर्वी टो ठीक आहे याची खात्री असणे सुरक्षिततेच्याही दृष्टीने आवश्यक ठरते.

आपल्या उदाहरणातल्या रचनेत बदलता येतो तो सर्वसाधारणपणे फक्त पुढचा टो. पुढचा कॅम्बर व कॅस्टर आणि मागच्या चाकांचे कोन कारखान्यातच ठरलेले असतात. ते मोजता येतात, पण पाना फिरवून बदलता येत नाहीत. इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरसारख्या पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) असलेल्या गाड्यांत मात्र खालच्या आर्मच्या उत्केंद्री (एक्सेंट्रिक) बोल्टांनी कॅम्बर आणि कॅस्टर बदलता येतात. एक्सयूव्ही ७०० सारख्या मागे स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक जोडदांडे) असलेल्या गाडीत मागच्या चाकांकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे मॅन्युअलमधील तांत्रिक माहितीच्या पानावर मिळते, आणि दुकानात जाण्यापूर्वी ते पान वाचलेले असावे.

सुरुवात हवेपासून

तपासणीची पहिली पायरी हवेचा दाब ही आहे आणि ती कोणीही वगळू नये. कोऱ्या गाड्या कारखान्यातून डीलरच्या आवारात आणि तिथून शोरूमपर्यंत येताना बराच काळ एका जागी उभ्या असतात. टायरचा टेकलेला भाग सपाट होऊ नये म्हणून त्यांत मुद्दाम जास्त हवा भरलेली असते. ग्राहकाला गाडी देण्यापूर्वीच्या तपासणीत ती योग्य दाबावर आणणे अपेक्षित असते, पण प्रत्येक वेळी ते होतेच असे नाही. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या टायरांचा दाब छापलेला असतो. तोच प्रमाण मानावा, टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब नव्हे. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना दाब मोजावा. पेट्रोल पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर गेल्यावर टायर तापतो आणि दाब दोन-तीन पीएसआयने वाढलेला दिसू शकतो. म्हणून स्वतःचा साधा गेज घरी ठेवणे उपयोगाचे आहे.

डाव्या आणि उजव्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असेल, तर कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते. अशा गाडीला यंत्रावर चढवून कोन बदलणे म्हणजे एका दोषावर दुसरा दोष लादणे होय.

टायर वाचणे

जुनी गाडी घेतली असेल, तर तिचे टायर मागच्या मालकाच्या काळातील अलाइनमेंटचा इतिहास सांगतात. गाडी बंद करून, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढचे टायर उजेडात पाहावे आणि हाताने तपासावे. तळहात नक्षीवरून बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे खरखरीत लागले, तर टो चुकलेला आहे किंवा दीर्घकाळ चुकलेला होता असे समजावे. टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड सपाट झिजली असेल, तर कॅम्बरचा संशय घ्यावा. तथापि टो फार चुकला तरीही एकच कड जाते, त्यामुळे हाताला लागणारे दाते आणि कडेची झीज यांचा विचार एकत्र करावा. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर टायर कमी हवेवर चालला आहे. फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त होती. परिघावर जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर दोष बहुधा शॉकअपचा किंवा बॅलन्सिंगचा (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समान नसण्याचा) असतो, आणि तो अलाइनमेंटने जात नाही.

आतली कड विशेष काळजीने पाहावी. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली असते, ही जुन्या गाड्यांत वारंवार आढळणारी आणि धोकादायक गोष्ट आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत खाली आली की टायर बदलणे भाग असते. तेवढ्या उंचीचे उंचवटे नक्षीच्या चरांत मुद्दाम घडवलेले असतात. टायरच्या कडेवरील चार अंकी आकड्यातून त्याचा जन्म कळतो : २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. एकाच अक्षावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या वयाचे टायर असतील, तर ओढ टायरमुळे असू शकते हे ध्यानात ठेवावे. त्याचबरोबर विक्रेत्याने चारही टायर नुकतेच बदलले असतील, तर हा सारा पुरावा गेलेला असतो हेही लक्षात घ्यावे. अशा वेळी स्टेपनी आणि सर्व्हिसचा इतिहास अधिक बारकाईने पाहावा.

कोऱ्या गाडीच्या टायरवर वाचण्यासारखे काही नसते, पण लिहिण्यासारखे पुष्कळ असते. प्रत्येक टायरची खोली आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजून वहीत तारीख आणि किलोमीटरसह उतरवून ठेवावी. ५,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजले की कोणता टायर कुठून झिजू लागला हे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी आकड्यांत दिसते. खोली मोजण्याचा गेज स्वस्त असतो आणि माझ्या मते नव्या गाडीसाठी घेण्याच्या सामानात सीटकव्हरच्या आधी त्याचा क्रमांक लागावा.

रस्त्यावरची परीक्षा

हवा योग्य दाबावर आणल्यावरच रस्त्यावरची परीक्षा घ्यावी. त्यासाठी सरळ, सपाट, दुभाजक असलेला आणि वर्दळ नसलेला रस्ता निवडावा आणि ताशी ५० ते ६० किलोमीटरचा वेग पुरेसा मानावा. द्रुतगती महामार्ग ही अशा परीक्षेची जागा नव्हे. स्टिअरिंग हातातून सोडून देऊ नये. बोटांची पकड सैल करून, हात रिंगणाभोवती तयार ठेवून गाडी कुठे जाऊ पाहते ते जाणून घ्यावे.

आपल्याकडचे रस्ते पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून कडेकडे उतरते बांधलेले असतात. डांबरी रस्त्यांना हा उतार साधारण दोन ते अडीच टक्के असतो. आपण डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. ही ओढ गाडीची आहे की रस्त्याची, हे ठरवण्यासाठी उतार बदलतो असा रस्ता किंवा मोठे मोकळे सपाट आवार शोधावे. उतार बदलल्यावर ओढीची बाजूही बदलत असेल तर गाडीला दोष देऊ नये. ओढ कायम एकाच बाजूला राहत असेल तर ती गाडीतली आहे.

इथे तीन तक्रारींचा घोळ नेहमी होतो, त्यामुळे त्या वेगळ्या करणे महत्त्वाचे आहे. गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग वाकडे राहते, ही पहिली तक्रार. हिचे कारण बहुधा दोन्ही पुढच्या चाकांचा टो असमान जुळवलेला असणे हे असते, किंवा मागची चाके गाडीच्या मध्यरेषेला समांतर नसणे हे असते. हात सैल केले की गाडी एका बाजूला ओढते, ही दुसरी. कॅम्बर ज्या बाजूला अधिक धन असतो त्या बाजूला, आणि कॅस्टर ज्या बाजूला कमी असतो त्या बाजूला गाडी ओढली जाते. डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक साधारणतः अर्ध्या अंशाच्या पुढे गेला की तो हाताला जाणवण्याइतका होतो. ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते, ही तिसरी. तिचा अलाइनमेंटशी संबंध नसतो, ते बॅलन्सिंगचे काम आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात.

टो चुकला की गाडी ओढते, हा समज फार रूढ आहे. प्रत्यक्षात चालत्या गाडीत पुढची दोन्ही चाके रॅकद्वारे (स्टिअरिंगने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्याने) एकमेकांशी जोडलेली असल्याने टोमधील चूक आपोआप दोघांत समान वाटली जाते. टायर झिजतात, पण गाडी सरळ जात राहते. म्हणूनच “गाडी सरळ चालते, मग अलाइनमेंट ठीक आहे” हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

ओढ असेल आणि टायरांची नक्षी एकदिश (ठरावीक दिशेनेच फिरवायची) नसेल, तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून पुन्हा त्याच रस्त्यावर जावे. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. बदलली नाही तर फेरफटक्यानंतर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी, रिमला थेट हात लावू नये. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे तापलेली असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतो आहे.

घरच्या घरी टो मोजणे

यंत्राशिवायही टोचा अंदाज घेता येतो, आणि त्यासाठी टेप, ओळंबा, चिकटपट्टी, खडू आणि एक मदतनीस एवढेच लागते. जमीन सपाट आणि गुळगुळीत असली पाहिजे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंग बहुधा योग्य ठरते, पण त्याला पाणी वाहण्याचा उतार असेल तर दुसरी जागा पाहावी.

गाडी सरळ रेषेत काही मीटर पुढे नेऊन स्टिअरिंग सरळ ठेवून थांबवावी. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, नक्षीच्या मध्यभागी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बारीक पेनाने उभी रेघ मारावी. त्या रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने बिंदू करावा. टायर खाली गोल होत आत जात असल्यामुळे दोरा कुठेही न अडता लोंबतो. आता गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढे विटेचा अडथळा योग्य अंतरावर ठेवून, मदतनिसाच्या साहाय्याने गाडी हातांनी पुढे ढकलावी. साधारण एक मीटर पुढे गेल्यावर चाकाचा अर्धा फेरा होतो आणि त्याच रेघा आता पुढच्या अंगाला, त्याच उंचीवर येतात. त्यांवरून पुन्हा ओळंबा सोडून बिंदू करावेत. गाडी या काळात मागे सरकू देऊ नये, कारण उलट ढकलल्याने सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश विरुद्ध बाजूला ताणले जातात आणि माप बदलते. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो हेही मदतनिसाला आधी सांगून ठेवावे.

मग मागच्या दोन बिंदूंमधील आणि पुढच्या दोन बिंदूंमधील अंतर टेपने मोजावे. पुढचे अंतर कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. दोन्ही वेळा टायरवरची तीच जागा वापरल्यामुळे रिम किंचित वाकडी असली तरी तिचा परिणाम मापात येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. ही कृती तीनदा करावी. तिन्ही उत्तरे एका मिलिमीटरच्या आत येत असतील तरच त्यांवर विश्वास ठेवावा. वर सांगितलेल्या मापाच्या टायरला एकूण १ मिलिमीटर म्हणजे सुमारे साडेपाच मिनिटे, असे रूपांतर करून मॅन्युअलमधील किंवा सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या मर्यादेशी तुलना करता येते. हे माप निदानासाठी आहे. त्याच्या आधारावर स्वतः टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवू नये. कॅम्बरसाठी मात्र मोबाइलमधील कोनमापक पुरेसा अचूक नसतो. दोन बाजूंमध्ये ढळढळीत फरक असेल तरच तो दाखवतो.

सांधे

ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच गतिरोधकावर मोडते. कोऱ्या गाडीत ही शक्यता कमी असते. जुन्या गाडीत मात्र यंत्राकडे जाण्यापूर्वी पुढची बाजू लिफ्टवर घेऊन सांधे तपासून घ्यावेत. चाक घड्याळातील ९ आणि ३ च्या जागी धरून हलवले असता खटखट झाली तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा संशय घ्यावा. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश फाटलेले आहेत का आणि शॉकअप तेल गाळतो का, हे उजेडात डोळ्यांनीच कळते. यांपैकी काहीही आढळले तर आधी तो भाग बदलावा आणि मगच कोन मोजावेत, नाहीतर तेच पैसे दोनदा द्यावे लागतात.

यंत्रावर

दुकान निवडताना यंत्राच्या नावापेक्षा काम करणाऱ्याची शिस्त पाहावी. सध्या बहुतेक ठिकाणी चाकांवर परावर्तक पट्ट्या बसवून समोरच्या कॅमेऱ्यांनी मोजणारी ३डी यंत्रे आहेत. हॅचबॅकच्या कामाला काही शे रुपये लागतात. घाईच्या वेळी जाण्यापेक्षा आठवड्यातील एखादी निवांत सकाळ निवडावी. गाडीत अवजड सामान ठेवू नये आणि मोजणीच्या वेळी कोणी आत बसू नये.

मोजणी सुरू होण्यापूर्वीच कारागिराला स्पष्ट सांगावे की आधी काहीही न बदलता मोजणी करायची आहे, तिचा कागद हवा आहे आणि पुढचे काम तो पाहून ठरवू. नव्या मालकाने उच्चारायचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. त्यानंतर पुढील गोष्टी घडताना पाहाव्यात. चारही टायरांची हवा तपासली जाते. पडद्यावर आपल्याच गाडीचे मॉडेल, वर्ष आणि प्रकार निवडला जातो. नाव सारखे पण पिढी वेगळी असेल तर मर्यादेचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे इथली चूक पुढचे सर्व काम वाया घालवते. पट्ट्या बसवल्यावर गाडी थोडी मागे आणि पुन्हा पुढे ढकलली जाते. रिमचा वाकडेपणा हिशेबातून काढून टाकण्यासाठीची ही कृती असून ती वगळू देऊ नये. पुढची चाके ज्या फिरत्या चकत्यांवर येतात, त्यांच्या खिळ्या काढल्या जातात. त्या तशाच राहिल्या तर चाके मोकळी होत नाहीत आणि मापे खोटी येतात. कॅस्टर मोजताना ब्रेकचे पॅडल दाबून ठेवणारी काठी लावली जाते आणि स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे ठरावीक अंशांपर्यंत फिरवले जाते.

कागद हातात आल्यावर आकडे अंश-मिनिटांत आहेत की दशांशात, हे आधी पाहावे. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३० अंश नव्हे, आणि ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटे. हिरवा रंग मर्यादेत आणि लाल मर्यादेबाहेर दाखवतो, पण केवळ रंगावर समाधान मानू नये. एक बाजू हिरव्या पट्ट्याच्या एका टोकाला आणि दुसरी बाजू दुसऱ्या टोकाला असेल, तर दोन्ही हिरव्या असूनही गाडी ओढू शकते.

कोऱ्या गाडीचा टो मर्यादेत असेल, स्टिअरिंग सरळ असेल आणि ओढ नसेल, तर कागद घेऊन घरी यावे, काहीही बदलून घेऊ नये. मर्यादेबाहेर असेल तर मोजणीचा कागद डीलरला दाखवून लेखी तक्रार नोंदवावी आणि दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घ्यावी. अनेक कंपन्यांची पहिली मोफत सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा एक महिना या टप्प्यावर असते, त्यापूर्वी ही तक्रार नोंदवणे हिताचे. अलाइनमेंटबद्दल वॉरंटी पुस्तिकेत काय लिहिले आहे ते त्याआधी वाचून जावे, कारण ते बहुधा देखभालीच्या कामात धरले जाते.

टो जुळवताना स्टिअरिंग सरळ ठेवून आधाराने जखडले जाते, दोन्ही बाजूंच्या टाय रॉडचे चेक नट (रॉड जागेवर घट्ट धरणारे नट) सैल केले जातात आणि दोन्ही रॉड पडद्यावरील आकडे पाहत फिरवले जातात. एकाच बाजूचा रॉड फिरवून एकूण टो बरोबर आणता येतो, पण मग स्टिअरिंग वाकडे होते. म्हणून दोन्ही बाजूंना काम झाले पाहिजे. रॉड फिरवताना रॅकच्या रबरी बूटला पीळ पडू नये याकडेही लक्ष द्यावे. पिळलेला बूट फाटतो आणि आत पाणी व धूळ जाते. शेवटी चेक नट घट्ट केल्यावर आकडे पुन्हा पाहिले पाहिजेत, कारण आवळताना ते किंचित सरकतात.

एका प्रकाराबाबत ठाम राहावे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत “कॅम्बर आउट आहे, दाबून देतो” असे सांगून काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) वाकवले जाते. याला होकार देऊ नये. वाकवलेला पोलादी भाग कमकुवत होतो, आणि कॅम्बर का बिघडला या मूळ प्रश्नाला त्यातून उत्तरही मिळत नाही. स्ट्रट आणि नकल जोडणारे बोल्ट सैल करून छिद्रांतील मोकळीक वापरणे किंवा कंपनीने मान्य केलेले कॅम्बर बोल्ट बसवणे एवढेच योग्य मार्ग आहेत. त्याने भागले नाही तर वाकलेला भाग शोधून बदलावा.

जुन्या गाडीचा कागद अपघात सांगतो

जुनी गाडी घेणाऱ्याने शक्य असेल तर व्यवहार पुरा होण्यापूर्वीच ही मोजणी करून घ्यावी, कारण रंगकाम आणि पॉलिशने जे झाकले जाते ते कोनांत उघडे पडते. कॅम्बरच्या जोडीला एस.ए.आय. म्हणजे स्टिअरिंग अक्षाचा समोरून दिसणारा कल छापून घ्यावा. एका बाजूचा कॅम्बर बिघडलेला पण एस.ए.आय. दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर स्ट्रट किंवा नकल वाकलेले असण्याची शक्यता असते. दोन्ही आकडे बिघडलेले पण त्यांची बेरीज दुसऱ्या बाजूइतकीच येत असेल, तर स्ट्रटचा वरचा आधार किंवा खालची सबफ्रेम (पुढचे आर्म धरणारी चौकट) जागेवरून सरकलेली असू शकते. हे दुसरे निदान अधिक गंभीर आहे, कारण त्यात पत्र्याच्या सांगाड्यालाच मार बसलेला असतो. सेटबॅक हा आकडा एक पुढचे चाक दुसऱ्याच्या तुलनेत किती मागे आहे ते सांगतो. तो मोठा असेल तर गाडी खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कठड्यावर जोरात आदळली असावी. घरी टेपने डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर आणि उजव्या बाजूचे तेच अंतर मोजूनही याची पडताळणी करता येते.

थ्रस्ट अँगल मागच्या चाकांची एकत्रित दिशा दाखवतो. टॉर्शन बीम वाकलेला असेल तर तो शून्यापासून दूर जातो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. ओल्या जमिनीवरून गाडी सरळ नेऊन चाकोऱ्या पाहाव्यात. दोन्ही अक्षांच्या चाकांमधील अंतर क्वचितच अगदी सारखे असते, त्यामुळे मागचे ठसे पुढच्यांच्या थोडे आत किंवा बाहेर पडणे स्वाभाविक आहे. पण ते दोन्ही बाजूंना सारखेच पडले पाहिजेत. एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर असे दिसले, तर बीम तपासून घ्यावा. या रचनेत बीम जुळवता येत नाही, बदलावाच लागतो, आणि तो खर्च किमतीच्या बोलणीत धरावा.

काम झाल्यावर

दुकानातून निघताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद, गाडीचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटरसह घ्यावेत. थर्मल कागदावरील छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी त्यांचा फोटो काढून ठेवावा. त्यानंतर आधीच्याच रस्त्यावर आणि त्याच वेगाने पुन्हा एक फेरी मारावी. स्टिअरिंग किंचितही वाकडे राहिले असेल तर त्याच दिवशी परत जावे, स्टिअरिंगचे चाक काढून सरळ बसवण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवल्यास तो नाकारावा आणि टाय रॉडच पुन्हा जुळवून घ्यावेत. ईएससी (गाडी घसरू लागल्यास सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन ओळखणारा सेन्सर असतो. टो बदलल्यानंतर डॅशबोर्डवर ईएससी किंवा स्टिअरिंगचा दिवा लागला तर त्या सेन्सरची शून्यस्थिती स्कॅनरने पुन्हा नोंदवून घ्यावी लागते. लेन ओळखणारा कॅमेरा आणि रडार असलेल्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर त्यांचे कॅलिब्रेशन आवश्यक आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावे.

पुढची तपासणी कधी करावी याचे उत्तर मॅन्युअलमध्ये किलोमीटरमध्ये दिलेले असते, पण आपल्या रस्त्यांवर प्रसंगही तितकाच महत्त्वाचा आहे. जोराचा खड्डा लागून रिम वाकली, टाय रॉड, स्ट्रट किंवा लोअर आर्म बदलला, अथवा टायरांचा नवा जोड घेतला, की मोजणी करावी. पावसाळ्यातील खड्ड्यांतून चार महिने गाडी चालवल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा पाहून घेणेही योग्य. नव्या गाडीच्या स्प्रिंग आणि बुश पहिल्या काही महिन्यांत थोड्या बसतात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या अखेरीस घेतलेला कागद पहिल्या कागदाशेजारी ठेवून आकडे ओळीने ताडून पाहावेत, आणि वहीतील नक्षीच्या खोलीशी त्यांचा मेळ बसतो का ते तपासावे.